एक अक्षर कमी

९ सप्टेंबर

संपादकांचा फोन. दिवाळी अंकासाठी त्यांनी 'प्रेम' हा विषय घेतला आहे, आणि फ्रान्समध्ये सव्वीस वर्षं काढलेला मराठी माणूस म्हणून त्यावर माझा अधिकार आहे, असं त्यांचं मत पडलं. लग्न न केलेल्या माणसाच्या ठायी त्यांना हा अधिकार कुठे दिसला कोण जाणे.

"फ्रेंच लोक प्रेम कोणत्या शब्दांत बोलतात, असं काहीतरी द्या," म्हणाले. "ओघवतं. आणि भालचंद्रराव, एक विनंती, व्याकरण नको."

व्याकरण वजा केलं तर माझ्यात उरतं काय, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

दुपारी शब्द आठवत बसलो. इथे नवरा बायकोला 'माझा कोबी' म्हणतो, आई लेकीला 'माझी पिसू' म्हणते, आणि दोघींना त्याचा आनंद होतो. 'हरिणी' आहे, ती आपल्याकडेही आहे. कोबीवर मात्र संस्कृतात कुणी श्लोक रचल्याचं स्मरत नाही. हे सगळं रेमोंला विचारलं असतं तर त्याने एका बैठकीत लेख सांगितला असता, वर एक बाटली उघडली असती. पण रेमोंचे शब्द एप्रिलपासून गेले आहेत.

११ सप्टेंबर

रेमोंकडे जाऊन आलो. घर माझ्या घराला लागूनच, मध्ये एक सफरचंदाचं झाड, ज्याची फळं कुणाची यावरून आम्ही वीस वर्षं गोडीगुलाबीने भांडलो. रेमों गोतरों, वय चौऱ्याहत्तर, द्राक्षमद्याची लाकडी पिंपं बांधण्यात जन्म गेला. तरुणपणी गावातल्या नाचाच्या बँडसाठी गाणी लिहायचा. एप्रिलमध्ये झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता त्याच्याकडे एकूण ऐवज असा: 'बाँ', म्हणजे 'बरं', जे तो होकार, नकार, भूक, तहान सगळ्याला वापरतो, एक शिवी, जी मी या वहीतसुद्धा लिहीत नाही, आणि त्याचं स्वतःचं एक गाणं. ते मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुरात, एक शब्द इकडचा तिकडे न होता.

वाचा परत आणायला आठवड्यातून दोनदा सोलेन नावाची मुलगी येते. ब्रेतान्य प्रांतातली आहे, केस लाल, बोलणं रोखठोक.

"हे असं कसं?" मी तिला विचारलं. "पाणी मागता येत नाही आणि गाणं म्हणता येतं?"

"बोलणं एका खोलीत असतं, गाणं दुसऱ्या," ती म्हणाली. "पहिली खोली जळाली. पण गाणं येतं म्हणून फार हुरळू नका, मोस्य. ते ठरलेलं आहे, जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातला एक शब्द जरी त्याला स्वतःहून बदलता आला ना, तर त्याला मी बोलणं म्हणेन."

('मोस्य' म्हणजे 'महाशय'.) मला नवल वाटलं नाही. कृष्णाकाठी ज्या पाठशाळेत मी शिकलो, तिथले गुरुजी शेवटी स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते. "आपण कोणाकडचे?" म्हणून विचारायचे. पण पहाटे स्वरांसकट दोन दोन तास म्हणत. पाठांतराला समोर माणूस लागत नाही. ते विहिरीतल्या झऱ्यासारखं आहे, कुणी प्यायला येवो न येवो.

गाण्याचं धृपद मराठीत असं होईल: 'तुम्हांला ठाऊकच आहे मी कुठे राहतो.' ओळ साधी, पण 'राहतो'साठी त्याने जे क्रियापद घेतलंय त्यात घर करणं आहे, थांबणं आहे आणि उरणंही आहे. फ्रेंचमध्ये नेमकी आठ अक्षरं, आपल्या अनुष्टुभाचा एक चरण. पिंपं बांधणाऱ्याच्या कानाला हे माप कुणी शिकवलं?

१८ सप्टेंबर

आज जोझियानने जे सांगितलं ते लिहून ठेवतो.

जोझियान म्हणजे रेमोंची बायको. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. नवरा आणि मांजर सोडून साऱ्या जगाला ती 'तुम्ही' म्हणते, मलाही. माझ्या नावातला 'भ' कुणाच्याच ओठांना झेपत नसल्याने इथे मी 'बाल' आहे. 'बाल' म्हणजे नाचाची मैफल. हे मला कळलं तेव्हा रेमों आठवडाभर हसत होता, कारण माझ्याइतका न नाचणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

मी कॉफी घेत होतो, रेमों खिडकीशी गात होता. मी म्हटलं, "किती सुंदर म्हणतो अजून."

"सुंदरच," जोझियान बीन्स मोडत म्हणाली. "आर्लेतसाठी लिहिलंय. सुंदर असणारच."

आर्लेत बँडमध्ये गायची. नोटरीची मुलगी, लांब मान, असं ऐकलंय. पुढे नीसच्या एका दंतवैद्याशी लग्न करून गेली आणि सुखात आहे.

"पन्नास वर्षं झाली त्याला," मी म्हणालो.

"अठ्ठेचाळीस. मला कुणी मत्सरी म्हातारी म्हणू नये. तो हिंडत होता, बोलत होता, भांडत होता, तोवर ते गाणं ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या किल्लीसारखं होतं. असू दे, म्हणायचे. आता सगळं घर गेलं आणि किल्ली तेवढी उरली." तिने बीन्सचं भांडं बाजूला सारलं. "मी त्याला आंघोळ घालते, चमच्याने भरवते, रात्री कुशीवर वळवते. त्याचं ओझं नाही मला. पण दिवसभर घरात दुसऱ्या बाईला हाक मारली जाते, बाल. आणि मी इथे उभी आहे हे त्याला कळतं की नाही, तेच मला कळत नाही."

मी पाठशाळेतल्या गुरुजींची गोष्ट सांगितली. तिला धीर येईल असं वाटलं होतं: ते गाणं कुणालाच उद्देशून नाही, निव्वळ पाठांतर आहे.

"म्हणजे आर्लेतलाही नाही आणि मलाही नाही," ती म्हणाली. "आभारी आहे."

२३ सप्टेंबर

द्राक्षतोड सुरू झाली. रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात आणि मागे आंबूस गोड वास रेंगाळतो. मी इथे आलो तेव्हा बँडची शेवटची वर्षं चालू होती. जुलैमध्ये नदीकाठी चिनारांखाली फळ्यांचा मंच, रंगीत दिवे, ॲकॉर्डियन. नदीचं नाव सोन, आपल्याकडेही एक सोन आहे, तेव्हा मला पहिल्या दिवशीच घरच्यासारखं वाटलं. रेमों तेव्हा गात नसे, कोपऱ्यात उभा राहून ओठ हलवायचा. धृपद आलं की सगळं गाव म्हणायचं: खाटीक, पोस्टमन, पाद्रीसुद्धा. जोड्या जवळ यायच्या. कुणाच्याही मनात काहीही असो, त्या आठ अक्षरांपुरता प्रत्येकाचा पत्ता एकच असायचा. मी लिंबूपाणी घेऊन बाकावर. माझ्याशेजारी जोझियान, हातात पर्स, नजर मंचाच्या मागच्या काळोख्या पाण्यावर. तिला नाच आवडत नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

आता तिथे मोटारी उभ्या करतात.

३० सप्टेंबर

लेख पाठवला. मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली होती, पण दिवाळी अंकाची मुदत आणि नवरदेवाचा मुहूर्त, दोन्हींचं सारखंच.

कोबी आणि पिसूंना सुरुवातीला हजेरी लावायला लावून मी मुख्य मुद्द्यावर आलो: फ्रेंच प्रेमाचं खरं रत्न म्हणजे 'वू', अर्थात 'तुम्ही'. आपल्या संस्कृतातल्या 'वः'ची सख्खी चुलत बहीण. जुन्या गीतांतला प्रियकर प्रियेला 'तुम्ही' म्हणतो, आणि त्या एका अंतराने सारी ओढ निर्माण होते. उलट 'त्यू', म्हणजे 'तू', कुत्र्याला, पोराला, देवाला आणि ट्रॅफिकमध्ये आडव्या आलेल्या माणसाला.

हे लिहिताना आई आठवत होती. तिने बाबांना आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, 'तू' तर दूरच. 'अहो'. रागात वेगळं, काळजीत वेगळं, पाहुण्यांसमोर वेगळं. बाबा गेले त्या दिवशी ती त्यांच्या उशाशी बसून हळूच "अहो" म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहिली. त्या 'अहो'पेक्षा मोठा प्रेमाचा शब्द मला कोणत्याही भाषेत भेटलेला नाही. लेखात हे घातलं नाही. संपादक म्हणाले असते, फारच घरगुती झालं.

६ ऑक्टोबर

जोझियानची कंबर धरली. रेमोंला खुर्चीतून उठवताना. डॉक्टरांनी झापलं. शेजारच्या शहरात एक शुश्रूषागृह आहे, तिथे नदीकडची एक खोली रिकामी होते आहे, कायमची. तूसाँच्या आत होय-नाही कळवायचं. (तूसाँ म्हणजे यांची सर्वपित्री, शेवंतीच्या कुंड्या घेऊन सगळे कबरींवर जातात.)

"तुमचं काय म्हणणं?" तिने मला विचारलं. मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू मांडल्या. तिने वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"साधं समीकरण आहे," ती म्हणाली. "तो मला ओळखून इथे बसला असेल, तर माझी कंबर मोडली तरी चालेल, बाई ठेवीन मदतीला, पण तो हलणार नाही. आणि तो भिंतीपाशी गात असेल, तर भिंती तिथेही आहेत. स्वच्छ आहेत म्हणे. अडचण एवढीच की मला त्यातलं एक पद माहीत नाही."

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती कंबरेच्या व्यायामाला जाईल, तेव्हा मी रेमोंजवळ बसायचं ठरलं.

९ ऑक्टोबर

वाईट लक्षण. जोझियान दाराबाहेर पडली, तिची गाडी वळणावर गेली, तसं रेमोंने गाणं सुरू केलं आणि धृपदात अडखळला. 'वू सावे' म्हणजे 'तुम्हांला ठाऊक आहे', त्याऐवजी 'त्यू से' म्हणाला. 'तुला ठाऊक आहे.' दोन अक्षरांचं क्रियापद एका अक्षराचं झालं, ओळ सातावर येऊन लंगडली. पुढे यमकही तुटलं. इतके महिने एक मात्रा हलली नव्हती.

मी हळूच योग्य शब्द सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "बाँ," आणि पुन्हा 'त्यू'.

आता ही दुसरी खोलीही ढासळायला लागली म्हणायची.

जोझियान आल्यावर तो एकदम गप्प झाला. तिला मी काही सांगितलं नाही. तिला आहे तेवढा घोर पुरे.

१३ ऑक्टोबर

पाठशाळेची पद्धत काढली. तिथे एखादा शब्द निसटू लागला की पदं सुटी करून घोकवत: पुढचं, मागचं, पुन्हा पुढचं. "वू," मी म्हणायचं. "सावे," मी म्हणायचं. "वू सावे." रेमोंने ओठ घट्ट मिटले. मग डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक टेकवत, कपाळावर घाम येईस्तोवर, अक्षर अक्षर ढकलल्यासारखं म्हणाला: "त्यू... से..." शब्द ओढून काढावा लागतोय, हे दिसत होतं. पूर्वी ओळ कशी नळाच्या धारेसारखी यायची. केवढी ही घसरण.

"वू, रेमों, वू. तुझंच गाणं आहे, तूच बिघडवतोस."

त्याने ती शिवी दिली. स्पष्ट. नंतर चमचा फेकला.

एक गोष्ट चमत्कारिक. हे सगळं जोझियान बाहेर असतानाच. गाडीचा आवाज आला की त्याची बोटं थांबतात, तोंड मिटतं, आणि तो अगदी निष्पाप चेहऱ्याने खिडकीबाहेर बघू लागतो. चोरून गूळ खाणारं पोर जसं. आपली चूक बायकोला कळू नये, असं त्यालाही वाटत असावं. म्हणजे या बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे.

१७ ऑक्टोबर

शनिवारच्या बाजारात सोलेन भेटली. पिशवीतून लीकची पात बाहेर आलेली.

"काही फरक?" तिने विचारलं.

"असलाच तर उतरता," मी म्हणालो. "धृपदात वृत्तभंग होतोय. 'वू'च्या जागी 'त्यू' म्हणतो, त्यामुळे एक अक्षर—"

"काय म्हणतो?"

मी पुन्हा सांगितलं, आठ आणि सात नीट बोटांवर मोजून दाखवले. तिने पिशवी खाली ठेवली.

"एकदाच? की दर वेळी?"

"दर वेळी. मी कितीही दुरुस्त केलं तरी."

"तुम्ही दुरुस्त करताय." ती माझ्याकडे बघतच राहिली. "जोझियानला माहीत आहे?"

"नाही. मुद्दामच कळू दिलं नाही. तिच्यावर आधीच काय कमी आहे?"

तेव्हा ही मुलगी हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोस्य बाल, मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल. त्याचं त्याला सांगू दे. तुम्ही फक्त मध्ये पडू नका. आणि शक्य तर एखाद्या शुक्रवारी तिला लवकर घरी येऊ द्या."

चांगली मुलगी आहे, पण आजच्या पिढीला छंदाचं काही वाटत नाही. पद्य मोडलं काय, उभं राहिलं काय, सारखंच.

२० ऑक्टोबर

जोझियान खोली बघून आली. पडदे पिवळे आहेत म्हणाली. पलंग बटणाने वर-खाली होतो. शेजारच्या खोलीत एक माजी रेल्वे गार्ड, तो दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगतो. "दोघांचं जमेल," म्हणाली, पण हसली नाही. सोमवारी सकाळी फोन करून होकार कळवणार.

रेमों आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "बाँ," म्हणाला, प्रश्नार्थक.

संध्याकाळी तिने त्याचे गरम कपडे एका बॅगेत भरून ठेवले. त्याचा जुना निळा कामाचा कोट भरला, काढला, पुन्हा भरला.

२३ ऑक्टोबर

सावकाश लिहायला हवं.

धुकं होतं, सोन दिसत नव्हती. जोझियान दोन वाजता निघाली. आज मला घाई होती: सोमवारनंतर ही तालीम होणार नाही, तर निदान गाणं तरी धडकं करून पाठवावं, शुश्रूषागृहातल्या लोकांपुढे त्याची शोभा नको. मी जोर लावून "वू सावे" म्हणत होतो, तो जोर लावून "त्यू से" म्हणत होता. आम्ही दोघं जवळजवळ ओरडत होतो. त्यामुळे दार वाजलेलं मला ऐकू आलं नाही.

व्यायामवाल्या बाईला सर्दी झाली होती. जोझियान कोट घालून दारात उभी होती, हातात गाडीच्या किल्ल्या.

"काय म्हणाला तो?"

मी उठलो. "काही नाही, मादाम. जरा विसरतो अलीकडे. मी बसवून घेतोय."

"पुन्हा म्हणायला लावा."

रेमोंने तिला पाहिलं होतं. मला वाटलं, नेहमीसारखा मिटणार. त्याचा चेहरा लाल झाला, डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर आली. आणि तो गायला लागला. सूर गेला होता. खरं तर ते गाणं राहिलंच नव्हतं. प्रत्येक अक्षराआधी तो थांबत होता, जिना चढल्यासारखा. तुला. ठाऊकच आहे. मी कुठे. राहतो.

"तुम्हांला—" मी सवयीने म्हणालो.

"बाल, गप्प बसा."

ती खुर्चीपाशी गेली. वाकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं असताना वाकली. "कुणाला म्हणतोस?"

"बाँ," रेमों म्हणाला.

"बाँ नाही. कुणाला?"

त्याने डाव्या हाताने तिच्या कोटाची बाही धरली, ओढली, सोडली, पुन्हा धरली. शब्द येईना. मग ती शिवी आली, पूर्ण जोराने.

जोझियान तिथेच जमिनीवर बसली आणि हसायला लागली. "ही नक्की माझ्यासाठी," म्हणाली. नंतर बराच वेळ तिचं तोंड त्याच्या निळ्या स्वेटरमध्ये होतं, तेव्हा हसत होती की काय ते मला सांगता येणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. कडू झाली.

तिला उठवायला दोघं लागलो असतो, पण रेमोंचा उपयोग नव्हता, त्यामुळे एकटा मीच लागलो.

"आर्लेतला सगळं गाव तुम्ही म्हणायचं," तिने कॉफी घेताना सांगितलं. "नोटरीची मुलगी ना. रेमोंही तुम्ही. आणि मला? पहिल्याच दिवशी, शाळेच्या तळघरातलं पिंप दुरुस्त करायला आला होता, म्हणतो, 'तू जरा बाजूला हो, पायावर पडेल.' किती वर्षं मनात ठेवलं मी ते. तिच्या वाट्याला तुम्ही आणि माझ्या वाट्याला पिंपाखालचं तू."

"पण मादाम, त्यामुळे ओळीत एक अक्षर कमी पडतं," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"मी चाळीस वर्षं वजाबाकी शिकवली आहे," ती म्हणाली. "ते अक्षर नीसला गेलं. जाऊ दे."

२४ ऑक्टोबर

सोलेन आठवली, लीकची पिशवी खाली ठेवताना. 'एक जरी शब्द स्वतःहून बदलता आला तर.' मला तिने सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी ते या वहीत लिहूनही ठेवलं होतं, चांगल्या अक्षरात.

दोन आठवडे तो माणूस एक वाक्य बोलायला शिकत होता, आणि मी त्याला ते विसरायला शिकवत होतो. संस्कृतात 'हृ' धातूचा उपसर्ग बदलला की आहाराचा संहार होतो, हे मी शाळेत असल्यापासून जाणतो. सर्वनाम बदललं की पाठांतराचं बोलणं होतं, हे मात्र कुठल्या सूत्रात नव्हतं.

आईचं 'अहो' आणि रेमोंचं 'त्यू' एकमेकांसमोर ठेवून बघतोय. दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात.

२६ ऑक्टोबर

जोझियानने सकाळी फोन केला. खोली नको म्हणाली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं असावं. "समीकरण सुटलं," असं सांगून तिने फोन ठेवला. बुधवारपासून गावातलीच एक दणकट बाई रोज दोन वेळा मदतीला येणार आहे. बॅग रिकामी झाली. निळा कोट खुंटीवर.

२ नोव्हेंबर

काल कबरस्तानात शेवंतीच शेवंती. आज बोचरी थंडी.

दिवाळी अंक आला. माझा लेख पान एकशे चाळीसवर, 'तुम्ही'ची महती, खाली माझा वीस वर्षांपूर्वीचा फोटो. जोझियानने मराठी अक्षरं उलटसुलट करून पाहिली आणि त्यात काय लिहिलंय विचारलं. म्हटलं, कोबीबद्दल आहे.

दुपारी रेमोंला सूप द्यायची वेळ झाली. गेल्या आठवड्यापासून त्याचा एक नियम झालाय: जेवणाआधी ओळ म्हणतो, सात अक्षरं, आणि थांबतो. स्वयंपाकघरातून जोझियान, हातातलं काम न सोडता, "वी" म्हणते. 'वी' म्हणजे 'हो'. मग तो तोंड उघडतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नकळत बोटं मोजली गेली. सात अधिक एक. यती चुकीच्या ठिकाणी पडते, पण आठ भरतात.

आज जोझियान पत्रपेटीपाशी पोस्टमनशी बोलत उभी होती. रेमोंने ओळ म्हटली आणि थांबला. सूप निवत होतं. त्याने पुन्हा म्हटली, पुन्हा थांबला. मला त्याची कीव आली, आणि अपुरा चरण मला मुळातच सहन होत नाही. मी चमचा पुढे करत म्हणालो, "वी."

शिवी. या वेळी माझ्यासाठी, याबद्दल शंका नको.

जोझियान आत आली, नाक लाल, हातात विजेचं बिल. "काय चाललंय?"

"एक अक्षर कमी पडतंय," मी म्हणालो. "माझं चालत नाही."

तिने कोटाची बटणं काढता काढता रेमोंकडे पाहिलं. "वी, वी," म्हणाली. "ठाऊक आहे रे, म्हाताऱ्या. खा."

त्याने तोंड उघडलं. तिने 'वी' दोनदा म्हटल्यामुळे ओळ नऊ अक्षरांची झाली होती. मी चमचा पुढे केला.